जुनी मोटरबोट घेतली आणि इंजिनला दम नाही? इंजिन उघडण्याआधी एवढं तपासा

2019 आणि 2021 चा पूर बघितल्यावर आमच्याकडं नदीकाठच्या गावांत एक बोलणं सुरू झालं, की गावाची स्वतःची एक बोट पाहिजे. मदतीची बोट पोचेपर्यंत माळ्यावर चढून बसलेली म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बायका यांना बाहेर काढायचं तर साधन दाराशीच असावं लागतं. पण नवी बोट आणि नवं इंजिन मंडळाच्या वर्गणीत बसत नाही. मग मालवण, देवगडकडं चौकशी होते, एखादी चौदा-पंधरा फुटी फायबरची बोट आणि मागं लावायचं जुनं ओबीएम (आउटबोर्ड मोटर) इंजिन ठरतं, टेम्पोत घालून घाट चढून वर येतं. नारळ फोडून पंचगंगेत उतरवतात. इंजिन पहिल्या-दुसऱ्या दोरीला चालूही होतं. आणि बोट काही पळत नाही. नाक वर करून, मागं पाणी ढकलत, म्हशीसारखी चालते.

इथं कोल्हापुरात एक वेगळाच धोका आहे. उद्यमनगरात बोअर करणारा, क्रँक बघणारा, पिस्टन जुळवून देणारा कारागीर हाकेच्या अंतरावर असतो, आणि तो कामाचा पक्का असतो. त्यामुळं इंजिन जरा कुठं कुंथलं की कुणीतरी सांगतंच, "उतरवा आणि बांधून घ्या." माझ्या बोटीच्या वेळी मलाही हाच सल्ला मिळाला होता. मी तो ऐकला असता तर हजारो रुपये गेले असते आणि बोट होती तशीच चालली असती, कारण दोष इंजिनात नव्हताच. म्हणून हा लेख, खास नव्यानं बोट घेतलेल्यांसाठी. तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडं आणि बाहेरून आत असा ठेवलाय. तो मोडू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि इंजिन सुधारलं, तर कशानं सुधारलं हे कळत नाही आणि पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा शून्यावर.

मी इथं दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, साधारण 25 हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन डोळ्यासमोर ठेवलंय. आपल्याकडं जुन्यात जास्त करून तेच मिळतं.

हात लावण्याआधी

इंजिन कोरडं चालवू नका. "जरा आवाज तरी ऐकूया" म्हणून जमिनीवर दोरी ओढणारे बरेच असतात. गाडीसारखा याला रेडिएटर नसतो. खालच्या पायात रबरी पात्यांचा एक छोटा पंप असतो, इम्पेलर म्हणतात त्याला, आणि तो नदीचंच पाणी ओढून इंजिन थंड ठेवतो. पाणी नसेल तर ती रबरी पाती काही क्षणांत घासून जळतात. दोनशे लिटरचं पिंप अर्धं कापून त्यात पाणी भरा आणि इंजिनाचा पाय त्यात सोडा. पंख्याच्या (बोट ढकलणाऱ्या प्रोपेलरच्या) वर जी आडवी पट्टी असते, ती पाण्याखाली गेली पाहिजे. पिंपात चालवताना पंखा काढून ठेवा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि फक्त मंद चालवा. पिंपात फुल रेस द्यायची नाही.

दुसरं, बंद करायची लाल दोरी. ती मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवल्याशिवाय चाचणीला निघू नका, आणि ती ओढल्यावर इंजिन खरंच बंद पडतं का हे आधी पिंपातच बघा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साठून राहते, म्हणून पेट्रोलची कामं मोकळ्यावर करा.

चाचणीची जागाही ठरवून घ्या. पावसाळा सरल्यावर आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात, मग वरच्या बाजूला पाणी बऱ्यापैकी संथ साठतं. असा सरळ पट्टा चांगला, पण बंधाऱ्यापासून लांबचा. आपण जे इंजिन दम टाकतं म्हणून तपासायला निघालोय, ते घेऊन बंधाऱ्याजवळ जाणं हा जीवाशी खेळ आहे. रंकाळ्यात किंवा धरणाच्या जलाशयात परवानगीशिवाय बोट घालू नका. वल्ही, दोर आणि दुसरा माणूस बरोबर हवाच.

लक्षण नीट सांगा

"दम नाही" एवढ्यानं काही कळत नाही. पहिल्या फेरीनंतर काठावर बसून वहीत लिहा. मंद चालताना इंजिन थरथरतं का? पूर्ण रेस दिल्यावर आवाज चढतो का, की भ्वॉंक करून बसतो? आवाज चढतो पण बोट सरकत नाही, असं आहे का? दहा मिनिटं बरं चालून मग दम सोडतं का? फोनवरच्या जीपीएसनं वेग मोजा, एकदा प्रवाहाच्या दिशेनं आणि एकदा उलट, आणि दोन्हींची सरासरी काढा. आरपीएम मोजायला प्लगच्या वायरला गुंडाळायचं छोटं मीटर मिळतं, फार महाग नसतं, घेऊन ठेवाच.

या दोन आकड्यांवर अर्धं निदान होतं. आरपीएमही चढत नाही आणि वेगही नाही, तर दोष पेट्रोल, ठिणगी, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) यांत शोधा किंवा पंखा जास्त जड आहे का बघा. आरपीएम भरपूर आणि वेग नाही, तर इंजिनाला दोष देऊ नका, तो मागं पंख्याकडं आहे. बहुतेक इंजिनांची पूर्ण रेसची मर्यादा पाच ते सहा हजारांच्या आसपास असते, काहींची त्याहून थोडी कमी. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. मॅन्युअल मिळवाच.

पेट्रोल: इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

जुन्या बोटीबरोबर आलेलं पेट्रोल वापरायचं नाही. काचेची स्वच्छ बरणी घ्या, टाकीच्या तळातलं पेट्रोल तिच्यात काढा आणि उजेडात धरून पाच मिनिटं थांबा. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं. बरणी तिरकी केली की पाण्याचे गोल थेंब पाऱ्यासारखे तळातून घरंगळतात, वर ऑइलच्या रंगाचं पेट्रोल असतं आणि मध्ये स्पष्ट रेघ. एवढं एकदा डोळ्यांनी बघितलं की पुन्हा कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या जिल्ह्याला त्याचं नवल नाही, आपल्याच उसाचं ते. पण जुन्या ओबीएम इंजिनांचे रबरी पाइप, डायफ्राम (पंपातला पातळ पडदा), कार्बोरेटरची सीलं इतक्या इथेनॉलसाठी बनवलेली नाहीत. त्यानं जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, आतून सुटतं. शिवाय इथेनॉल हवेतलं बाष्प ओढतं, आणि पाणी एका मर्यादेपलीकडं गेलं की इथेनॉल पाण्याला घेऊन तळाशी बसतं. टाकीची नळी पेट्रोल तळातूनच उचलते. नदीकाठी पावसाळाभर अर्धवट भरून ठेवलेली टाकी म्हणजे या त्रासाला आमंत्रण. ताजं पेट्रोल, लागेल तेवढंच मिसळा, आणि बोट महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा.

ऑइलचं प्रमाण मॅन्युअलनुसार. बऱ्याच इंजिनांना 50 ला 1, म्हणजे एका लिटरला 20 मिली, दहा लिटरला 200. जुन्या काही मॉडेलना वेगळं लागतं, म्हणून विकणाऱ्याच्या तोंडी आकड्यावर विसंबू नका. ऑइलच्या डब्यावर टीसीडब्ल्यू-3 लिहिलेलं हवं. मोटरसायकलचं टू-टी ऑइल स्वस्त आणि हाताशी असतं, पण ते यात घालू नका. ओबीएम मोटरसायकलपेक्षा थंड चालतं आणि तासन्‌तास जोरात चालतं. त्यात ते ऑइल नीट जळत नाही आणि प्लगवर, रिंगांवर थर धरतो.

आता पाइप. टाकीच्या झाकणावर हवेचा एक स्क्रू असतो, तो चाचणीआधी मोकळा करा. तो बंद राहिला तर इंजिन पाच-दहा मिनिटं छान चालतं, मग टाकीत पोकळी होऊन पेट्रोल येणं थांबतं. पाइपच्या मध्ये हातानं दाबायचा रबरी फुगा असतो, त्यावरचा बाण इंजिनाकडं हवा. फुगा दाबत गेलं की कडक झाला पाहिजे. कडक होतच नसेल तर कुठंतरी हवा शिरते किंवा त्यातला व्हॉल्व्ह गेलाय. जोडणीच्या तोंडातली रबरी रिंग बघा, ती झिजली तर पेट्रोलबरोबर हवा ओढली जाते.

पूर्ण रेसवर बोट चालताना सोबतच्या माणसाला फुग्यावर हात ठेवायला सांगा. इंजिन बसू लागलं की त्यानं फुगा दाबावा. दाबल्यावर इंजिन लगेच उचल खात असेल तर पेट्रोलचा पंप, त्यातला डायफ्राम, अशक्त झालाय किंवा पाइपात हवा शिरतेय. फुगा स्वतःच आत ओढला जाऊन चपटा होत असेल तर अडथळा फुगा आणि टाकी यांच्यामध्ये आहे.

माझ्या बोटीचा फुगा चपटा होत होता. हवेचा स्क्रू उघडा होता. टाकीतली जाळी काढून बघितली, स्वच्छ. पाइपात पायपंपानं हवा मारली, सरळ पास झाली. आता काय? शेवटी शेजारच्या गावातल्या मित्राची चांगली चालणारी टाकी, पाइपासकट, मागून आणली. इंजिन त्या टाकीवर गुपचूप फुल रेस घेऊ लागलं. मग माझी टाकी आणि त्याचा पाइप, तरी ठीक. माझा पाइप लावला की पुन्हा बसलं. तो पाइप मी ब्लेडनं उभा चिरला. बाहेरून धडधाकट, काळा, लवचिक. आतलं अस्तर मात्र सापाच्या कातीसारखं सुटून आलेलं. टाकीकडून हवा मारली की ते भिंतीला चिकटायचं आणि वाट मोकळी व्हायची. इंजिनानं पेट्रोल ओढलं की तेच अस्तर आत दुमडून तोंड बंद करायचं. वरून फुंकून तपासलेला पाइप चांगलाच वाटणार. म्हणून सांगतो, जुन्या बोटीचा पेट्रोल पाइप आणि फुगा तपासत बसू नका, इथेनॉल चालेल असा नवा घ्या आणि मोकळे व्हा. आणि दुसऱ्याची खात्रीची टाकी लावून बघणं ही पेट्रोलच्या बाबतीतली सगळ्यात खरी चाचणी आहे.

त्या टाकीवरही इंजिन बसतच असेल तर फिल्टर बदला आणि कार्बोरेटर उघडा. मंद चालताना बंद पडतं पण रेसमध्ये बरं चालतं, तर मंद चालीचा जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक) तुंबलाय. उलट असेल तर मोठा जेट. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब पुरे. कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल उलटं उडत असेल तर मागची रीडची पत्ती (मिश्रण उलटं येऊ न देणारी) तुटलेली किंवा वाकलेली असू शकते.

ठिणगी

दोन सिलिंडरपैकी एकच जळत असेल तरी इंजिन चालतं, मंद चालीत तर बऱ्यापैकी चालतं. पूर्ण रेसमध्ये मात्र निम्मा दम जातो आणि बोट पाण्यावर चढतच नाही. खूप नवख्यांची फसगत इथं होते, कारण इंजिन बंद पडत नाही म्हणजे ठीक आहे असं वाटतं.

फुल रेसवर दोन-तीन मिनिटं चालवा, मंद न करता लाल दोरी ओढून तिथंच बंद करा आणि वल्ह्यांनी काठाला येऊन दोन्ही प्लग काढा. कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा हे खुणेनं ठेवा. विटकरी-तपकिरी टोक म्हणजे सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा चोक अर्धा अडकलेला. ओला आणि गार प्लग म्हणजे तो सिलिंडर जळतच नाही. पांढरट, फोड आल्यासारखा म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा इंजिन तापतंय, आणि असं इंजिन तसंच पळवलं तर पिस्टन वितळतो. एक प्लग काळपट आणि दुसरा धुऊन ठेवल्यासारखा लख्ख असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय, बहुधा हेडचं गॅस्केट.

प्लग जुनेच असतील तर मॅन्युअलमधल्या नंबरचे नवे घाला. तरीही एक सिलिंडर मरत असेल तर अदलाबदल करा. आधी प्लगची, मग जमत असेल तर कॉइलची. दोष वस्तूबरोबर दुसऱ्या सिलिंडरला गेला तर ती वस्तू खराब. दोष जागेवरच राहिला तर पुढं शोधा. वायर उपटून ठिणगी बघायची मोटरसायकलवाली सवय इथं सोडा. या इंजिनांच्या सीडीआय युनिटला (ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला) मोकळी सुटलेली ठिणगी मारक ठरू शकते. स्पार्क टेस्टर लावा आणि त्याची क्लिप इंजिनाच्या धातूला पक्की बसवा. ठिणगी निळसर आणि टणक हवी. हे करताना पेट्रोलची ती बरणी आसपास नको.

खाऱ्या हवेतून आलेल्या इंजिनात वायरिंगच्या जोडण्या हिरव्या पडलेल्या असतात. प्रत्येक जोडणी सोडवून घासून पुन्हा बसवणं हे अर्ध्या दिवसाचं कंटाळवाणं काम आहे, पण ते करा. बंद करायच्या दोरीच्या स्विचमध्ये ओल गेली तर पावसात इंजिन मिसिंग मारतं किंवा चालूच होत नाही, आणि आपल्याला तर बोट पावसातच लागणार आहे.

कॉम्प्रेशन

आता उद्यमनगराकडं जायला हरकत नाही, पण फक्त गेज घेऊन यायला. बहुतेक छोट्या ओबीएमच्या प्लगचे आटे 14 मिलिमीटरचे असतात, मोटरसायकलचा गेज चालतो. दोन्ही प्लग काढा, लाल दोरी काढून ठिणगी बंद ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत चालू करायची दोरी पाच-सहा वेळा जोरात ओढा. प्रत्येक सिलिंडरला तेवढेच झटके. आकडा नव्वद ते एकशेतीस पीएसआयमध्ये कुठंही आला तरी घाबरू नका, गेज गेजमध्ये फरक असतो. महत्त्वाचं म्हणजे दोन्ही सिलिंडर जवळजवळ सारखे हवेत. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर लक्ष द्या. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा सिलिंडर. नाही चढला तर हेड गॅस्केट तपासायचं. रिंगा नुसत्या काजळीनं चिकटल्या असतील तर काजळी काढणाऱ्या औषधानं सुटतात, म्हणून तेही एकदा करून बघा.

दोन्ही सिलिंडर सारखे आणि चांगले आले तर निश्चिंत व्हा. इंजिनाचा जीव शाबूत आहे. बोअर करण्याचं बोलणं तिथंच थांबवा.

थंड पाणी

इंजिन चालू असताना बाजूच्या छोट्या भोकातून पाण्याची बारीक धार सुटते. ती करंगळीच्या टोकावर घेतली तर जोर जाणवला पाहिजे. धार नसेल तर इंजिन लगेच बंद करा, आणि आधी त्याच भोकात बारीक तार घालून बघा, गाळ किंवा कुंभारमाशीचं घर असतं कधीकधी. तरी धार नाही, तर इम्पेलर. जुन्या इंजिनाचा इम्पेलर चांगला दिसला तरी बदलावाच. आपलं पुराचं पाणी म्हणजे पातळ चिखल, तो रबर झिजवतो. बदलताना जुन्या इम्पेलरची पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर तो तुकडा वरच्या पाण्याच्या वाटेत अडकलेला असतो आणि तो काढल्याशिवाय काम पुरं होत नाही.

समुद्रातून आलेल्या इंजिनात मीठ साठलेलं असतं. हेडच्या बोल्टांभोवती पांढरी पापडी दिसते. थर्मोस्टॅट काढून बघा. पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडला की साधारण 50 ते 60 अंशांच्या दरम्यान उघडतो. बंद अडकला तर इंजिन तापतं, उघडा अडकला तर इंजिन गारच राहतं, भकभकतं आणि प्लग काळे करतं. काही इंजिनांत तापलं की आपोआप आरपीएम कमी करायची सोय असते. त्यामुळं "दहा मिनिटांनी दम सोडतं" या तक्रारीचं उत्तर टाकीच्या हवेच्या स्क्रूनंतर इथं शोधायचं.

थ्रॉटल खरंच पूर्ण उघडतो का

दोन मिनिटांचं काम. इंजिन बंद ठेवून एकानं हँडल पूर्ण फिरवायचं, दुसऱ्यानं कार्बोरेटरच्या तोंडात बघायचं. आतली पत्ती पूर्ण आडवी, म्हणजे हवेच्या वाटेला समांतर, व्हायला हवी. केबल ताणलेली असेल तर ती पाऊण उघडते, आणि आपण उरलेल्या पावाला इंजिनाचा आजार समजून बसतो. चोक पूर्ण सुटतो का, तेही त्याच वेळी बघा.

पंखा

पाइप बदलल्यावर माझ्या इंजिनाचा आरपीएम चांगला चढला. बोटीचा वेग ताशी 19 किलोमीटरवरून 24 झाला, आणि तिथंच अडकला. दोन माणसं घेऊन एवढ्या इंजिनावर एवढाच वेग ही गोष्ट पटत नव्हती. जुन्या बोटीत दोष जोडीनं असतात. एक सापडला की थांबू नका.

पंख्याच्या मध्यभागी पितळी नळी आणि बाहेरचं धातूचं कडं यांच्यामध्ये रबराचा हब दाबून बसवलेला असतो. पंखा दगडाला आपटला तर धक्का रबरानं घ्यावा, गिअर वाचावेत, म्हणून. ते रबर सुटलं की मंद चालीत पंखा फिरतो, जोर दिला की आतली नळी फिरते आणि पंखा मागं राहतो. इंजिन किंचाळतं, बोट चालत नाही.

तपासायला पैसा लागत नाही. पंख्याच्या मागच्या बाजूला नळीपासून बाहेरच्या कड्यापर्यंत पांढऱ्या रंगानं एक सरळ रेघ मारा. वाळू द्या. बोट पाण्यात घालून दोन-तीनदा एकदम फुल रेस द्या, परत या आणि रेघ बघा. माझी रेघ मोडलेली होती. आतला तुकडा घड्याळात बाराला आणि बाहेरचा चारच्या जवळ. हब बदलून घेतला, आणि त्याच संध्याकाळी वेग 33 आला.

पंखा काढलाच आहे तर शाफ्टवर गुंडाळलेला मासेमारीचा दोरा बघा. तो सील कापत जातो. खालचा स्क्रू सोडून गिअरचं ऑइल थोडं काढा. दुधाळ, चहासारखं असेल तर पाणी शिरलंय, सीलं बदला. पात्यांच्या कडा वाकलेल्या असतील तर त्या सरळ करणं कारागिराचं काम आहे, हातोडीनं घरी करू नका.

इंजिन किती उंचीवर बसलंय हेही बघायचं. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा बोटभर खाली हवी. फार वर असेल तर वळणावर पंखा हवा ओढतो, फेस होतो, आवाज चढतो. फार खाली असेल तर इंजिन पाणी कापण्यातच दमतं. ओबीएमचे पाय लांब आणि आखूड अशा दोन मापांत येतात, साधारण 15 आणि 20 इंच. विकणाऱ्यानं भलतीच जोडी जमवून दिलेली असणं अजिबात दुर्मीळ नाही. टेप लावून मोजा.

आणि जलपर्णी. आपल्या नदीत चाचणी घ्यायची आणि पंख्यात जलपर्णीची मुळं नाहीत असं होत नाही. पुरात तर वर उसाचा पालाही असतो. वेग अचानक पडला तर इंजिन बंद करा, ते वर उचला आणि पंखा आणि पाणी ओढायची जाळी दोन्ही साफ करा, मगच पुढचा विचार.

घाट चढून आलेलं इंजिन

मालवणात हेच इंजिन याच पंख्यावर चांगलं चालत होतं, असं विकणारा सांगतो तेव्हा तो खरं बोलत असू शकतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. वर हवा विरळ, आणि साध्या कार्बोरेटरच्या इंजिनाचा जोर दर तीनशे मीटरला सुमारे तीन टक्के घटतो. म्हणजे इथं पाच-सहा टक्के आधीच गेले. बाकी सगळं ठीक असून आरपीएम मर्यादेच्या थोडा खालीच राहत असेल तर एक इंच कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी पुढं सरकणारा) पंखा लावा. एका इंचाला साधारण दीडशे ते दोनशे आरपीएम मिळतात. पण हा उपाय शेवटी करायचा. आधी पंखा बदलला तर खरा दोष झाकला जातो.

बोट स्वतः जड झालीय का

जुन्या फायबर बोटीच्या दुहेरी तळात पाणी शिरतं आणि आतला फोम ते पिऊन बसतो. बाहेरून काही दिसत नाही. बोट किती माणसांनी उचलली जाते यावरून अंदाज येतो. नक्की करायचं असेल तर टेम्पोत घालून वजनकाट्यावर न्या, ऊस तोलणारे काटे आपल्याकडं कमी नाहीत. टेम्पोचं रिकामं वजन वजा केलं की झालं, मोठ्या काट्यावर दहा-वीस किलोचा फरक धरून चाला. तळाला समुद्रातली कालवं चिकटलेली असतील तर खरवडून काढा, तेवढ्यानंही वेग वाढतो.

भरलेल्या बोटीची शेवटची फेरी

दोघांना घेऊन मारलेली फेरी पुरात कामाची नाही. माणसांऐवजी वाळूची पोती घ्या आणि बोटीवर लिहिलेल्या क्षमतेएवढं वजन भरा, एक पोतंही जास्त नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ती आठवण काठावरच्या कुणाच्याही मनातून जाणार नाही. भरलेल्या बोटीनं प्रवाहाविरुद्ध अर्धा तास सलग चालवा. धार बघत राहा, आरपीएम लिहून घ्या. नंतर प्लग काढून पुन्हा बघा.

ही फेरी मे महिन्यातच संपवा. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडं चढायला लागलं की सुटे भाग शोधायला वेळ नसतो, आणि 43 फुटांच्या धोका पातळीनंतर तर दुकानापर्यंतचा रस्ताही नसू शकतो. बोटीतल्या डब्यात नवे प्लग, एक इम्पेलर, पंख्याची पिन, जोडणीच्या रबरी रिंगा, सुटी दोरी आणि प्लगचा पाना कायम ठेवा. आणि इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटनं तीन आकडे लिहून टाका: दोन माणसांवरचा वेग, भरलेल्या बोटीचा वेग, फुल रेसचा आरपीएम. पुढच्या वर्षी बोट कोण चालवेल सांगता येत नाही. त्यानं नुसतं झाकण उघडावं आणि त्याला कळावं, की हे इंजिन चांगलं असताना कसं चालत होतं.